नाल्याकाठी रात्रीत पडणारा कचरा: शहराने करायचं काय?

प्रश्न असा आहे: सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे आणि त्याला लागून नाला वाहतो. महापालिकेचे लोक दर आठ-दहा दिवसांनी जेसीबी लावून तिथला कचरा उचलतात. फलक लावून झाला, कॅमेरा बसवून झाला, दंडाच्या नोटिसा चिकटवून झाल्या. तरी दोन दिवसांत जागा भरते. आता तर सिमेंटच्या गोण्या, फुटक्या फरशा, जुने कमोडही पडू लागले आहेत. अशा वेळी शहराने नेमकं काय करावं?

मी महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या घनकचरा विभागात २३ वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी आरोग्य निरीक्षक म्हणून. सकाळी साडेपाचला कोठीवर, म्हणजे सफाई कामगार जमतात त्या ठिकाणी, हजेरी घ्यायची आणि मग दिवसभर बीट, म्हणजे नेमून दिलेला भाग, फिरायचा. पुढे लिहितोय ते त्या फिरण्यातून आलेलं आहे. उदाहरणं पुण्या-मुंबईची जास्त देईन, कारण ती बहुतेकांच्या पाहण्यातली आहेत.

ढीग उचलणं आमच्या खात्याला चांगलं जमतं. जेसीबी, टिपर, चार बिगारी, दोन तासांत जागा मोकळी, फोटो अॅपवर चढवला की तक्रार बंद. पण तो कचरा कोणी आणला, कुठून आणला आणि किती वाजता टाकला याची नोंद त्या फोटोत नसते. ती नोंद नसेल तर पुढच्या आठवड्यात जेसीबी परत बोलवावाच लागतो. सुरुवातीची सहा-सात वर्षं मीही हेच करत होतो.

मला ढीग ‘वाचायला’ शिकवलं ते आमच्या एका झाडूवाल्या मावशींनी. एका गल्लीच्या तोंडाशी रोज कचरा पडायचा आणि मी तिथल्या रहिवाशांना नोटिसा देत सुटलो होतो. मावशी म्हणाल्या, “साहेब, या चिंध्यांच्या गोण्या बघा. आपल्या गल्लीत शिलाईचं एक तरी दुकान आहे का?” नव्हतंच. शोध घेतला तेव्हा दोनेक किलोमीटरवर एका रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर गाऊन शिवण्याचं छोटं युनिट निघालं. घंटागाडीवाला त्यांच्या गोण्या घेत नव्हता, कारण तो घरगुती कचरा नव्हता. व्यावसायिक कचऱ्याच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, कारण ते युनिटच कुठे नोंदलेलं नव्हतं. मालकाने एका रिक्षावाल्याला पैसे देऊन प्रश्न मिटवला होता आणि रिक्षावाल्याने आमच्या गल्लीत. आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी पैसे घेऊन गोण्या उचलायची सोय केली. चिंध्या त्या दिवसापासून बंद झाल्या आणि चिंध्या बंद झाल्यावर बाकीचा कचराही निम्म्यावर आला. आधीच घाण असलेल्या जागी टाकायला माणसाचा हात पटकन उठतो.

म्हणून माझा पहिला सल्ला प्रत्येक शहराला हाच असतो. कॅमेऱ्याच्या आधी एक माणूस आणि एक वही द्या. सलग सात दिवस, पहाटे पाचपासून रात्री दोनपर्यंत, पाळ्या लावून. वहीत फक्त वेळ, काय आलं आणि कशातून आलं एवढंच लिहायचं. कोणाशी भांडायचं नाही. आम्ही जिथे जिथे हे केलं तिथे चित्र साधारण सारखंच निघालं. सकाळी सहा ते साडेसात दुचाकीच्या हँडलला अडकवलेल्या पिशव्या. रात्री नऊ ते साडेदहा हातगाड्या, खानावळी, चिकनची दुकानं. बारानंतर टेम्पो. म्हणजे एकाच ढिगात तीन वेगवेगळे लोक तीन वेगवेगळ्या कारणांनी कचरा टाकत असतात. त्या तिघांना एकच फलक आणि एकच दंड दाखवून काही होत नाही.

सकाळच्या पिशव्यांबद्दल लोक फार कठोर बोलतात. ‘शिकलेली माणसं आणि संस्कार नाहीत’ वगैरे. मी त्या दुचाक्या थांबवून विचारलं आहे. हॉस्पिटलातली नर्स, सुरक्षारक्षक, कंपनीची बस गाठणारी मुलं, चार घरची कामं करणाऱ्या बायका. घंटागाडी येते नऊला आणि ही माणसं सातला घराबाहेर पडतात. घरी मागे कोणी नसतं. ओला कचरा दोन दिवस घरात ठेवला की वास येतो, मालक बोलतो. अशा माणसाला दंड करून तुम्ही फार तर त्याची टाकायची जागा बदलता.

इथे शहरांकडून एक चूक झाली आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. आपण कचऱ्याचे कंटेनर हटवले. हटवले ते योग्यच केलं, कारण त्यांच्याभोवती उकिरडा व्हायचा. पण कंटेनर दिवसाचे चोवीस तास कचरा घ्यायचा आणि त्याच्या जागी आलेली घंटागाडी दारात दहा मिनिटं थांबते. मधल्या तेवीस तास पन्नास मिनिटांचं काय, हे कोणी ठरवलंच नाही. तुमच्या शहरातल्या कायमच्या घाणीच्या जागांची, ज्यांना आमच्या भाषेत ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात, यादी काढा आणि जुन्या कंटेनरच्या जागांच्या यादीशी ताडून बघा. बऱ्याच जागा त्याच निघतील. कंटेनर गेला, पण लोकांच्या पायांना आणि गाड्यांना ती जागा माहीत आहे.

याला उपाय अगदी साधा आहे. त्याच जागी सकाळी सहा ते आठ आणि रात्री नऊ ते साडेदहा एक गाडी उभी करा. गाडीपाशी माणूस हवा, ओला-सुका वेगळा घ्यायला हवा आणि वेळ संपली की गाडी निघून जायला हवी. माणूस नसलेली गाडी म्हणजे पुन्हा कंटेनरच. कार्यालयात याला विरोध होतो, कारण केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात ‘कंटेनरमुक्त शहर’ दाखवायचं असतं आणि रात्रपाळीसाठी माणूसबळ मागावं लागतं. मी दोन्ही अडचणी सोसल्या आहेत. तरीही सांगतो, रात्रीची एक गाडी चार जेसीबींचं काम वाचवते.

पुण्याच्या अनुभवातून इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे १९९३ साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन तिच्या सभासद घरोघरी कचरा घेऊ लागल्या. रोज त्याच दोनशे-अडीचशे घरांपुढे उभी राहणारी बाई कोणत्या घरातून चार दिवस कचरा आला नाही हे लगेच सांगू शकते. ही माहिती कुठल्याच कॅमेऱ्यात नसते. कचरा उचलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या घरटी शुल्काबाबत मात्र माझं मत स्पष्ट आहे. जे कुटुंब शुल्क द्यायला नाकारतं त्याचा कचरा बंद होत नाही, तो नाल्यात जातो. वस्त्यांमधल्या शुल्काचा बोजा महापालिकेनेच उचलावा. नाल्यातून तोच कचरा काढायला त्याहून कितीतरी जास्त खर्च येतो.

रात्री नऊनंतरचा कचरा दुकानदारांचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर, म्हणजे मोठी हॉटेलं, मंगल कार्यालयं, मोठ्या सोसायट्या यांच्यावर जबाबदारी टाकली. पण नाल्याकाठी येतो तो त्यांच्या खालचा, वीस-तीस किलोवाला. रसवंतीची चिपाडं, शहाळ्यांची टरफलं, सलूनमधले केस, खानावळीचं उरलेलं, चिकनच्या दुकानातली पिसं आणि आतडी. यांची दुकानं रात्री बंद होतात आणि गाडी येते सकाळी. कोंबडीची आतडी सकाळपर्यंत दुकानात कोणी ठेवणार नाही, मीही ठेवली नसती. त्यासाठी वेगळी गाडी, दुकान बंद व्हायच्या वेळी, रोज. महिन्याचे पैसे ठरवून घ्या, दुकानदार देतात. त्यांना पैशापेक्षा कटकट नको असते. ही गाडी सुरू झाली की त्या भागातली भटकी कुत्रीही पांगतात, हा वेगळा फायदा.

गाद्या, सोफे, फुटके कपाटाचे पल्ले हे दिवाळीच्या आधी आणि घर बदलताना पडतात. भंगारवाला गादी घेत नाही आणि घंटागाडीत ती मावत नाही. महिन्यातून एक रविवार ठरवून प्रभागात मोठ्या वस्तू गोळा केल्या की हा प्रकार बराचसा आटोक्यात येतो. ‘स्वच्छ’च्या लोकांनी पुण्यात अशी शिबिरं घेतली आहेत. यावर जास्त लिहायची गरज नाही.

आता खरा अवघड भाग. राडारोडा, मुंबईच्या भाषेत डेब्रिज. तुमच्या प्रश्नात फरशा आणि कमोडचा उल्लेख आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

एखाद्या फ्लॅटमध्ये बाथरूम आणि स्वयंपाकघराचं काम निघालं की साधारण एक ब्रास राडारोडा निघतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनाने साडेतीन-चार टन. घरमालकाने काम उक्तं दिलेलं असतं, त्यामुळे राडारोड्याचा खर्च त्याला वेगळा दिसतच नाही. ठेकेदार तो मुकादमावर सोडतो आणि मुकादम छोटा हत्तीवाल्याला, म्हणजे लहान टेम्पोवाल्याला, खेपेमागे पैसे देतो. अधिकृत जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, समजा वीस किलोमीटरवर. दिवसा गर्दीच्या वेळी आत-बाहेर करायचं तर वाहतूक पोलिसांचे निर्बंध, तिथे पोहोचलो तर वजनकाट्याला रांग, वर टनामागे शुल्क, आणि संध्याकाळी सहाला गेट बंद. ड्रायव्हरच्या दिवसभरात दोन खेपा होतात. तेच काम रात्री साडेबारानंतर नाल्याकाठी केलं तर तीन तासांत सहा खेपा. हा फरक समजून घेतल्याशिवाय राडारोड्यावर कोणताही उपाय चालणार नाही. ड्रायव्हर गुन्हेगार आहे की नाही हा पुढचा प्रश्न. आपणच त्याच्यासाठी कायदेशीर रस्ता तिप्पट लांबीचा करून ठेवला आहे.

केंद्र सरकारने २०१६ साली बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम काढले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने आराखडा द्यायचा, असं त्यात होतं. २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमांतही भर २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. मोठ्या बिल्डरला कागदात बांधणं बरोबरच आहे. पण बाथरूमचा चार टन कचरा या मर्यादांच्या खूप खाली राहतो. लहान माणसानेही तो ठरलेल्या केंद्रावरच द्यावा असं नियम सांगतो. केंद्र जवळ कुठे आहे, हे मात्र शहराने ठरवायचं असतं, आणि तिथेच सगळं अडतं.

मुंबई महापालिकेने दहिसर आणि शीळफाटा इथे रोज प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे राडारोडा प्रक्रिया प्रकल्प उभे केले आहेत आणि घरून राडारोडा उचलण्यासाठी ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा आहे. पुण्यात प्रकल्प वाघोलीला आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण कोथरूड किंवा धायरीतून एक छोटा हत्ती वाघोलीपर्यंत नेऊन परत आणणं म्हणजे अख्खं शहर दोनदा ओलांडणं. मोठा प्रकल्प शहराबाहेर असणारच. मधली पायरी हवी. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एक छोटी जागा हवी, तिथे गोण्या घेतल्या जाव्यात, तिथून मोठ्या डंपरने प्रकल्पावर नेल्या जाव्यात आणि ती जागा रात्री एक वाजेपर्यंत उघडी असावी. टेम्पो रात्री चालतात म्हणून आपलं गेटही रात्री उघडं हवं.

अशी जागा उघडताना लोक अंगावर येतात. आमच्याकडे उड्डाणपुलाखालच्या एका तुकड्यासाठी दोन सोसायट्यांनी मोर्चा आणला होता. त्यांची भीती खोटी नव्हती. महापालिकेने ‘तात्पुरती’ म्हणून घेतलेली जागा कायमची घाण होते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. आम्ही त्यांच्यासमोर लेखी दिलं: चारी बाजूंनी पत्रा, वर पाणी मारायची सोय, दर दुसऱ्या दिवशी जागा रिकामी, घरटी २० गोण्यांपर्यंत शुल्क नाही आणि एकदा जरी तीन दिवस माल पडून राहिला तर त्यांनी कुलूप लावावं. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मी डंपर घेऊन स्वतः गेलो. त्यानंतर फोन आला नाही आणि जवळच्या ओढ्यातल्या गोण्या कमी होत गेल्या.

सोय झाली की मग कागद. घराचं मोठं काम, पाडकाम किंवा पुनर्विकास असेल तर परवानगी देताना राडारोड्याचा अंदाज घ्यायचा, त्यानुसार अनामत रक्कम घ्यायची आणि वजनकाट्याच्या पावत्या आणल्याशिवाय जोत्याचा (पाया पूर्ण झाल्याचा) दाखला किंवा भोगवटा प्रमाणपत्र द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण यातली गोम पावतीत आहे. एकच गाडी दोनदा काट्यावर चढते. राडारोड्याच्या जागी माती आणून वजन भरलं जातं. रिकाम्या गाडीचं वजन एकदाच घेऊन तेच कायम लावलं जातं. म्हणून प्रत्येक फेरीला भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं, ताडपत्री काढून आतल्या मालाचा फोटो, आणि महिन्याच्या शेवटी परवानगीतला अंदाज व पावत्यांची बेरीज यांचा मेळ. हा मेळ बसवायला बांधकाम विभाग आणि घनकचरा विभाग एका टेबलाशी बसावे लागतात. माझ्या नोकरीत सगळ्यात अवघड काम हेच होतं. एकाच इमारतीतले दोन मजले, पण एकाची फाइल दुसऱ्याकडे जायला महिना लागायचा.

छोट्या कामांसाठी सोसायटीचं दार वापरा. बहुतेक सोसायट्या नूतनीकरणासाठी अनामत घेतातच. त्यात एक ओळ वाढवा: राडारोडा केंद्रावर दिल्याची पावती दाखवली तरच अनामत परत. तुमच्या सोसायटीने हे उद्यापासून करायला कोणाची परवानगी लागत नाही.

एक बाजू बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही. राडारोड्याला गिऱ्हाईक असतं. खोलगट जमीन, नाल्याकाठचा पट्टा, खाडीची दलदल भरून वर आणायची असेल तर मालकाला किंवा कब्जा करणाऱ्याला भराव हवा असतो. टेम्पोवाल्याला एकीकडे राडारोडा उचलण्याचे पैसे मिळतात आणि दुसरीकडे भराव टाकण्याचेही. ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठी कांदळवनांत हाच खेळ चालतो: आधी भराव, मग पत्र्याचं शेड, मग गोदाम. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांत भराव टाकायला मनाई केली आणि २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे असं सांगून त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. तरी भराव थांबलेला नाही, कारण कारवाई टेम्पोवाल्यावर होते आणि जमीन वर आल्याचा फायदा ज्याला होतो तो नामानिराळा राहतो.

तेव्हा ढीग दिसला की पहिला प्रश्न हा विचारा: इथली जमीन वर आली तर कोणाचं भलं होणार? सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. जागामालकालाच नोटीस द्या की मूळ पातळीपर्यंत भराव स्वखर्चाने काढ. नाही काढला तर महापालिकेने काढून खर्च त्याच्या मिळकतकरात चढवावा आणि त्या जागेवर पुढची कोणतीही परवानगी अडवावी. ही एक गोष्ट झाली तरी निम्मे भराव थांबतील, असं माझं मत आहे.

नाल्यात भराव पडला की पाणी कुठे जातं हे सांगायला लागू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीची काय अवस्था करून ठेवली आहे हे सगळ्या मुंबईला कळलं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला, माणसं वाहून गेली. इतका पाऊस कुठल्याही शहराला जड जातोच. पण पात्र अरुंद असेल तर तेच पाणी लोकांच्या स्वयंपाकघरातून वाहतं. म्हणून नाल्यातली एक गोणी मला रस्त्यावरच्या दहा पिशव्यांपेक्षा जास्त टोचते.

दंड आणि गाड्या पकडणारं पथक हे विषय इतक्या उशिरा घेतोय, कारण सोयीशिवाय दंड म्हणजे फक्त पावतीपुस्तक. तरी दंड हवाच. राज्य सरकारने २०१८ साली रस्त्यावर घाण करण्यासाठी मोठ्या महापालिकांत १८० रुपये आणि लहान महापालिकांत १५० रुपये असे दर ठरवले. पायी चालणाऱ्याला ते लागतात. टेम्पोवाल्याला लागत नाहीत, म्हणून अनेक महापालिकांनी राडारोड्याच्या गाडीचा दंड हजारांत नेला. माझा अनुभव विचाराल तर रकमेपेक्षा गाडी अडकण्याची भीती मोठी असते. गाडी आठ दिवस आवारात उभी राहिली की मालकाचा रोजचा धंदा बुडतो आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. पहिल्या दिवशीच फोनवर फोन येतात, ‘आपला माणूस आहे, सोडून द्या’ म्हणून. अधिकाऱ्याने ते फोन झेलायचे असतात आणि आयुक्तांनी त्या अधिकाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं असतं. ज्या शहरात हे होतं तिथे पथक चालतं. बाकी ठिकाणी तीन महिन्यांत पथकाची गाडी दुसऱ्या कामाला लागते.

पथक कुठे उभं करायचं, तर ढिगापाशी करू नका. टेम्पोवाल्याला दहा ढीग माहीत असतात, पण त्याला जावं लागतं तो रस्ता एकच असतो. मुंबईहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला बहुतेक वेळा वाशीचा किंवा ऐरोलीचा पूल लागतो. पुण्यात कात्रज, बोपदेव किंवा दिवे घाटाकडे माल जातो तेव्हा घाटाच्या पायथ्याशी रस्ता आकसतो. कॅमेराही तिथेच लावा, नंबरप्लेटच्या उंचीवर, रात्री उजेड असेल अशा ठिकाणी. ढिगावर लावलेल्या कॅमेऱ्यात अंधार, टेम्पोची पाठ आणि चिखलाने माखलेली प्लेट दिसते. शिवाय तो कॅमेरा रोज सकाळी बघायचं काम कोणाचं, हे आदेशात नावानिशी लिहिलेलं नसेल तर तो कोणीच बघत नाही.

बंगळूरमध्ये २०२५ साली कचरा टाकताना कॅमेऱ्यात सापडलेल्यांच्या दारात कचरा नेऊन टाकण्याचा उपक्रम झाला. लोकांना तो आवडला. मला आवडला नाही. चारचौघांत माणसाची नाचक्की केली की तो सुधारतो असं मी पाहिलेलं नाही. तो पुढच्या वेळी जास्त अंधारात जातो. आणि तो दारातला कचरा शेवटी झाडूवालीलाच भरावा लागतो.

आमच्या घरातलंही बोलायला हवं. काही ढीग महापालिकेच्याच ठेकेदारांचे असतात. ठेकेदाराला वजनावर पैसे असतील तर कचऱ्यात माती आणि राडारोडा मिसळून वजन वाढतं. फेरीवर पैसे असतील तर गाडी जवळच्या खड्ड्यात रिकामी होते आणि दुसरी फेरी लवकर लागते. पैसे कशावर द्यायचे हे ठरवतानाच कचरा कुठे पडणार हेही ठरलेलं असतं. जागा स्वच्छ राहिली तर पैसे, असा करार करून बघा. आमच्याकडे एका प्रभागात तसा केला तेव्हा ठेकेदाराचीच माणसं रात्री राखण करू लागली.

कचरा पेटवणं हाही याच साखळीतला भाग. ढीग जाळला की पुढच्या ढिगाला जागा होते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळण्यासाठी २५,००० रुपये भरपाई ठरवली. पण पाला पेटवणारे हात अनेकदा आमच्याच कामगारांचे असतात, कारण पाला उचलायला गाडी दिलेली नसते. आधी गाडी द्या, मग त्यांना बोला.

शहराच्या कडेची गावं हा वेगळाच घाव आहे. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. हद्द एका दिवसात वाढते, घंटागाड्या आणि माणसं वाढायला वर्षं लागतात. त्या मधल्या काळात ओढे, खाणी आणि सेवा रस्ते भरतात. पुण्याचा कचरा डेपो जिथे आहे त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला आणि त्यासाठी रस्त्यावर उतरले. आपल्याकडचा कचरा गावाच्या वेशीबाहेर नेऊन टाकला की तो संपला, ही शहराची सवय आहे, आणि रात्रीचा टेम्पोवाला तीच सवय छोट्या प्रमाणावर गिरवतो.

आणखी एक: राडारोड्यापासून केलेल्या विटा, पेव्हर ब्लॉक, वाळू विकली गेली नाही तर प्रकल्प तुंबतात आणि गेटवर गाड्या परत पाठवल्या जातात. दिल्लीत बुराडीला २००९ पासून असा प्रकल्प आहे, म्हणजे तंत्र नवीन नाही. २०१६ च्या नियमांत सरकारी कामांत असा माल १० ते २० टक्के वापरण्याची तरतूद होती. तुमच्या प्रभागात पुढचा पदपथ होईल तेव्हा निविदेत ही अट आहे का, हे नगरसेवकाला विचारा.

आता तुमच्या प्लॉटबद्दल. सोसायटीतले चार-पाच जण मिळून आठ दिवसांची वही भरा, गच्चीवरून किंवा खिडकीतून, कोणाशी वाद न घालता. गाडीचे नंबर दिसले तर लिहा, पण रात्री खाली उतरून एकट्याने टेम्पो अडवू नका. प्लॉटची मिळकत पत्रिका काढा. वही, पत्रिका आणि फोटो घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा आणि तीन गोष्टी लेखी मागा: सकाळी व रात्री माणसासह गाडी, जागामालकाला कुंपणाची आणि भराव काढण्याची नोटीस, आणि प्लॉटकडे वळणाऱ्या रस्त्यावर दिवा व लोखंडी आडवी कमान, इतक्या उंचीची की रिक्षा आणि माणूस जाईल, टेम्पो जाणार नाही. साफसफाईच्या गाडीसाठी कमानीला कुलूप ठेवा आणि किल्ली कोठीवर असू द्या. जागा साफ झाली की पहिला महिनाभर तिथे दोन्ही वेळा माणूस उभा राहायला हवा. रांगोळी, कुंड्या, बाक हे सगळं करा, लोकांना ते बघून बरं वाटतं, पण माणूस नसेल तर कुंड्याही चोरीला जातात.

आणि नालेसफाईचं काम साधारण मेपर्यंत उरकलं जातं. त्याच्या बऱ्याच आधी, फेब्रुवारीतच, एक पत्र देऊन ठेवा की तळातून काढलेला गाळ आणि राडारोडा काठावर ठेवायचा नाही, त्याच दिवशी उचलून न्यायचा. काठावर ठेवलेला तो ढीग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा नाल्यात उतरतो.